वाचलेला रुपया कुणाच्या नावावर?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि पुढच्या काही दिवसांत कितीतरी मराठी घरांत स्वयंपाकघरातले डबे उपडे झाले. तांदळात खोचलेली पुरचुंडी, ठेवणीतल्या साडीच्या घडीतलं पाकीट, देवघरातल्या तसबिरीमागची नोट, मसाल्याच्या बरणीखाली कागदात गुंडाळलेलं पुडकं. हे पैसे घरातल्या बाईने किराणा, भाजी आणि दुधाच्या पैशांतून मागे टाकलेले होते. ते बँकेत भरायचे तर आधी घरात सांगणं आलं. वर्षानुवर्षं कुणाला कळू न देता साठवलेली रक्कम नवऱ्यासमोर मोजून ठेवावी लागली. काही घरांत तिचं कौतुक झालं, काही घरांत ‘एवढे आले कुठून?’ असा प्रश्न आला.

हाच प्रश्न पुढे प्राप्तिकर खात्यानेही विचारला. नोटाबंदीच्या काळात खात्यात दोन लाखांहून थोडी अधिक रोकड भरलेल्या एका गृहिणीचं प्रकरण प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठापुढे गेलं. जून २०२१ मध्ये खंडपीठाने निकाल दिला की, नोटाबंदीच्या वेळी गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड त्यांचं अघोषित उत्पन्न मानता येणार नाही. घरखर्चातून अशी बचत होते, हे न्यायाधिकरणाने मान्य केलं. त्याच वर्षी जानेवारीत, एका अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात, गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्या निकालात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला होता. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं.

घरगुती काटकसरीवर लिहिताना हे दोन निकाल समोर ठेवावेसे वाटतात. काटकसरीच्या युक्त्यांच्या याद्या आपल्याकडे खूप होतात. या लेखातही युक्त्या आहेत, कारण त्या कामाच्या आहेत आणि त्यांच्यामागे पिढ्यांचं ज्ञान आहे. मात्र प्रत्येक युक्तीपाशी थांबून दोन प्रश्न विचारायला हवेत. हा रुपया वाचवायला कुणाचा वेळ गेला? आणि वाचलेला रुपया कुणाच्या नावावर पडला?

भिंतीवरची हिशेबवही

काटकसरीची सुरुवात नोंदीपासून होते, आणि मराठी घरात ही नोंद बहुधा भिंतीवर असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं ते तिथी, सण आणि मुहूर्तांसाठी. बायकांनी त्यातल्या तारखेच्या चौकोनाचा आणखी एक उपयोग केला. एकादशी आणि संकष्टीच्या शेजारी बारीक अक्षरात ‘दूध अर्धा जास्त’, ‘पेपर नाही’, ‘इस्त्री १२ कपडे’, ‘गॅस लावला’ अशा नोंदी होऊ लागल्या. महिनाअखेरीला दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब या चौकोनांवरूनच होतो.

त्यातली ‘गॅस लावला’ ही नोंद फार मोलाची. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो आपल्या घरी किती दिवस पुरतो हे दोन-तीन वेळा लिहून ठेवलं की घराचं प्रमाण कळतं. पंचेचाळीस दिवस पुरणारा सिलिंडर पस्तीस दिवसांत संपला, तर काहीतरी बदललेलं असतं. पाहुणे येऊन गेले असतील, पाणी गॅसवर तापायला लागलं असेल, बर्नरची भोकं बुजून ज्योत पिवळी पडली असेल किंवा नळी बदलायला झाली असेल. नोंद नसेल तर महागाईला बोल लावून आपण मोकळे होतो.

किराण्याच्या यादीचंही तसंच. यादी करण्याआधी डबे उघडून बघणाऱ्या घरात तिसरं मोहरीचं पाकीट येत नाही. दुकानात किंमत बघताना वजनही बघावं लागतं, कारण पाकिटाची किंमत तीच ठेवून आतला माल कमी करण्याची पद्धत बिस्किटांपासून साबणापर्यंत सगळीकडे रुळली आहे. आता बऱ्याच वेष्टनांवर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती रुपये पडतात हेही छापलेलं असतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही, हे तो आकडा दोनदा वाचला की लक्षात येतं.

नव्या काळाने एक वेगळी अडचण आणली. फोनवरून दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी घरी येते आणि पैसे हातातून गेल्याचं जाणवतही नाही. पूर्वी पाकिटातली शेवटची नोट दिसली की हात आपोआप थांबायचा. फोनवर तसं काही होत नाही. म्हणून काही घरांनी साधा उपाय केला आहे. महिन्याच्या घरखर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि फोनवरचे सगळे व्यवहार त्याच खात्यातून करायचे. खातं रिकामं होत आलं की घरातल्या प्रत्येकाला कळतं.

कुकर, साय आणि एरंडेल

मराठी स्वयंपाकघरात टाकून द्यायला फार थोडं उरतं. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा होतो आणि गूळ-तूप घातलं तर लाडू. शिळ्या भाताला फोडणी बसते. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात जातात आणि कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग थालीपिठात. दुधाची तर पूर्ण साखळीच आहे. आठ-दहा दिवसांची साय विरजायची, घुसळायची, लोणी काढायचं. ताकाची कढी होते, लोण्याचं तूप होतं आणि तळाशी उरलेली बेरी साखर घालून मुलं चाटूनपुसून खातात.

इंधनाची काटकसर थोडी शास्त्राची आहे. उघड्या पातेल्यात पाणी उकळल्यावर ते शंभर अंशांच्या वर जात नाही. ज्योत मोठी केली तर पाणी लवकर आटतं, डाळ मात्र लवकर शिजत नाही. म्हणून उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवायचं. कुकरमध्ये दाबामुळे तापमान एकशे वीस अंशांच्या आसपास जातं आणि वेळ वाचतो. तिथेही पहिली शिट्टी झाल्यावर मोठी आच ठेवली तर वाफेबरोबर गॅसच उडून जातो. हरभरा, छोले, राजमा रात्री भिजत घातले की शिजायचा वेळ कितीतरी कमी होतो. एकाच कुकरात खाली वरण, मधे भात आणि वर बटाटे लावणारी गृहिणी इंधन वाचवण्याचा हा धडा कुठल्याही सरकारी पत्रकाआधी शिकलेली आहे.

साठवणीचं ज्ञानही असंच हाताने आलेलं. वर्षाचा गहू आणि तूरडाळ कडक उन्हात वाळवून एरंडेल तेलाचा हात लावून भरली जाते. दाण्यावर बसलेल्या त्या पातळ थरामुळे किडीला अंडी घालणं आणि अंड्यांना वाढणं अवघड होतं. कडधान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात. सुगीच्या दिवसांत भाव खाली असताना धान्य भरलं की पावसाळ्यातल्या चढ्या भावाची झळ लागत नाही. अर्थात यासाठी हातात एकरकमी पैसे लागतात. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ते जमत नाही, त्या घरात तेल पावशेराच्या पिशवीने येतं आणि किलोमागे महाग पडतं. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग मिळते, ती अशी. काटकसरीचा उपदेश करण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

उन्हाळ्याचे हात

फाल्गुन-चैत्रात विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्रात गच्च्या भरू लागतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं. मग तो वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर निवू द्यायचा. पहाटे उठून तो शिजवायचा. सतत ढवळलं नाही तर गुठळ्या होतात, आणि चीक जसजसा घट्ट होतो तसतसा हात भरून येतो. गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या, दिवसभर कावळ्या-कुत्र्यांपासून राखायच्या, उलटायच्या आणि दोन-तीन उन्हं देऊन डब्यात भरायच्या. त्याच्या मागेपुढे पापड, सांडगे, शेवया आणि वर्षाचा मसाला.

कोकणात याच दिवसांत आमसुलं वाळतात, कैरीच्या फोडींची आंबोशी होते, आंब्याची साटं पडतात आणि फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवल्या जातात. सुके बोंबील, सोडे, सुकट बरण्यांत जातात. गोव्यात पावसाआधी मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं. सुकी मासळी, मिरची, चिंच, मसाले, कडधान्यं अशी चार महिन्यांची बेगमी लोक तिथून करतात. समुद्र बंद, रस्ते बंद आणि शेतात भाजी नाही, अशा दिवसांसाठी उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. तिने पिढ्यान्‌पिढ्या घरं तारली.

ती व्यवस्था कुणाच्या हातांवर उभी होती हेही तेवढंच खरं. वाळवणाच्या दिवसांत शेजारणी एकमेकींकडे लाटायला जात. गप्पा होत, गाणी होत, पोरांना पापडाच्या लाट्या मिळत. त्या आठवणी गोड आहेत, त्यातले कष्टही खरे आहेत. आज नोकरी करणाऱ्या बाईने हे सगळं रविवारी एकटीने उरकायचं ठरवलं, तर तिची एकुलती सुट्टी जाते. बचतगटाकडून किलोभर कुरडया विकत आणल्या तर काही रुपये जास्त जातात आणि ते दुसऱ्या बाईच्या मजुरीत जमा होतात. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात राज्यभरातल्या गटांचा माल येतो. घरात बिनमोल धरलेल्या कामाला तिथे भाव मिळतो. आपल्या वेळेची किंमत धरून हिशेब केला, तर अनेक घरांसाठी वाळवण विकत घेणं हीच काटकसर ठरेल. आणि घरीच करायचं असेल, तर घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही सोऱ्या हातात घ्यावा.

साडीचा प्रवास

नऊवारी साडी मराठी घरात तीन-चार आयुष्यं जगायची. आधी नेसायची. विरली की बाळाची दुपटी आणि लंगोट, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं ते सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही. मग गोधडी. चार-पाच जुनी लुगडी एकावर एक घालून कडेकडेने टाके घालत मध्यापर्यंत यायचं. शेवटी पोतेरं. गोधडीत आजीचं लुगडं, आत्याचं परकर-पोलकं आणि बाबांचा सदरा एकत्र येतात. नव्या रजईने ऊब मिळेल, ही माणसं मिळणार नाहीत. पुण्यात आणि इतरत्रही आज गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत आणि जुन्या साड्या घेऊन त्यांच्याकडे जाणारी घरंही.

ज्या कपड्यांचं घरात काही होत नाही, ते बोहारणीकडे जातात. मुंबईत हे काम प्रामुख्याने मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन त्या चाळींतून, सोसायट्यांतून फिरायच्या. ‘ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, एखादी जरीची टाका की!’ ‘जर चांगली आहे, नीट उलगडून बघ. झाकणासकट देणार असशील तर बोल.’ अर्धा-पाऊण तास ही घासाघीस चालायची आणि शेवटी दोघींचंही समाधान व्हायचं. कपडे घरी नेऊन ती धुते, उसवलेलं शिवते, बटणं लावते आणि जुन्या बाजारात विकते. आपल्या नको असलेल्या सदऱ्याला नवा मालक मिळतो तो तिच्या श्रमांमुळे. आता सोसायटीच्या फाटकावर तिला अडवतात आणि तेच कपडे कचऱ्यात जातात. एक जुनी, शहाणी साखळी आपण आपल्या हाताने तोडतो आहोत.

मीटर बघायला शिका

घरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी कष्टाची बचत विजेत आहे. गणित सोपं आहे. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. तो दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट जातात. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॅट घेतो, त्याला तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिट लागतात. म्हणजे पंख्यामागे महिन्याला वीस युनिटची बचत आणि तीन पंख्यांच्या घरात साठ.

या साठ युनिटची किंमत सरासरी दराने काढू नये. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटचा बराच जास्त. महिन्याला १६० युनिट वापरणारं घर १०० वर आलं, तर वाचलेली सगळी साठ युनिटं वरच्या, महाग दराची असतात. तो आकडा बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, एकदा शांतपणे वाचावा. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं, म्हणून सगळ्यांनी आंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात. जिथे ६० वॅटचा बल्ब होता तिथे ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. वातानुकूलन यंत्र असेल तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावावा.

इथे काटकसरीचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक काटकसर रोज हाताने करावी लागते. साय साठवणं, शिरा सोलणं, कपडे रफू करणं या तिच्या गोष्टी. दुसरी एकदाच निर्णय घेऊन होते. पंखा बदलणं, कर्जाचा महाग हप्ता आधी फेडणं, विमा वेळेवर काढणं ही तिची कामं. पहिली वर्षानुवर्षं बाईच्या वाट्याला आली. दुसरीचा अधिकार मात्र बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात राहिला. घरी हजारोंचा मोबाइल हप्त्यावर येतो आणि भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी ती घासाघीस करते, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हिशेब खरा करायचा तर दोन्ही प्रकारची काटकसर एका टेबलावर, घरातल्या सगळ्यांसमोर यायला हवी.

जिथे हात आखडू नये

काटकसरीची सर्वांत वाईट सवय मराठी घरात गुपचूप चालत आली आहे. दूध कमी पडलं तर तिचा चहा कोरा. भाजी संपली तर तिची पोळी लोणच्याबरोबर. फळ कापलं तर मुलांना आणि सासऱ्यांना फोडी, तिच्या वाट्याला कोय. गुडघे दुखत असतील तर ‘बघू दिवाळीनंतर’. ही बचत कुठल्याही वहीत लिहिली जात नाही, पण तिचा परिणाम मोजला गेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. शेवटी जेवणं आणि उरलेलं जेवणं ही त्यातली, घरातच दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट आहे. सगळ्यांनी एकत्र बसून जेवण्याला एक पैसाही लागत नाही.

औषधांत बचत जरूर करावी, ती औषध न घेऊन नव्हे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात. जनऔषधी केंद्रांत त्याच घटकाच्या, त्याच मात्रेच्या गोळ्या नामांकित कंपन्यांच्या तुलनेत बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना विचारून तसा बदल करता येतो. दिवसाआड गोळी घेऊन वाचवलेले पैसे पुढे रुग्णालयात दसपटीने जातात.

घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या पगारातून खाडे कापून केलेली बचत, भर उन्हात बसलेल्या म्हातारीकडून मेथीच्या जुडीमागे सोडवलेले दोन रुपये, यांनाही काटकसर म्हणू नये. ज्याच्या पदरात आधीच कमी आहे त्याच्याकडून काढून घेतलेल्या पैशाने घर भरत नाही. आपल्या घरातल्या बाईच्या श्रमाचं मोल मागताना दुसरीच्या श्रमाचं मोल पाडणं शोभत नाही.

एकटीने आणि मिळून

महाराष्ट्रात काटकसरीला खरं बळ आलं ते बायका एकत्र आल्या तेव्हा. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल आणि रॉकेलचे भाव भडकले. घरातल्या घरात आणखी किती कापायचं, हा प्रश्न होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी वेगवेगळ्या पक्षांतून महागाईविरोधी महिला समितीत एकत्र आल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बायका उतरल्या. चुलीपाशी जमत नसलेल्या हिशेबाचं उत्तर सरकारने द्यावं, ही त्यांची मागणी होती.

दुसरी वाट एकत्र खरेदीची. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ची सुरुवात सहकारी ग्राहक संस्था म्हणून झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालं. तिथली वाटपाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जवळपास राहणाऱ्या काही घरांचा संघ होतो. महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे आधी भरायचे. माल एकत्र घाऊक खरेदी होऊन संघातल्या एका घरी येतो आणि सभासद तो आपापसात वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, उधारी नाही. मागणी महिनाभर आधी द्यायची असल्याने मोहाची खरेदीही आपोआप टळते.

तिसरी वाट भिशीची. बारा जणींनी दरमहा दोन हजार घातले की दर महिन्याला एकीच्या हातात चोवीस हजार येतात. पहिल्या चिठ्ठीवालीला ते बिनव्याजी कर्ज असतं, शेवटच्या चिठ्ठीवालीला सक्तीची बचत. शाळेची फी, मिक्सर, मंगळसूत्राची वाटी, माहेरच्या आजारपणाची मदत अशा गोष्टी भिशीने उभ्या केल्या. मात्र ती एकमेकींचं घर माहीत असलेल्या बायकांतच करावी. अनोळखी माणसाने चालवलेली, लिलावाची, मोठ्या परताव्याची भिशी ही भिशी राहत नाही. तिथे पैसे घालू नयेत.

या सगळ्याला औपचारिक रूप दिलं ते बचतगटांनी. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि दर आठवड्याला जमणारे पाच-दहा रुपये कर्जाला पात्र ठरू लागले. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये बायकांची ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी केली. बँकेसाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि आपण व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू शकतो हे त्यांनी ठणकावून सांगितलं. परवाना मिळाला. पुढे या बँकेने बाजारातल्या बायकांकडे त्यांच्या जागेवर जाऊन ठेवी घेतल्या, कारण एका दिवसाचा धंदा बुडवून बँकेत येणं त्यांना परवडत नव्हतं.

पासबुकावरचं पहिलं नाव

वाचलेले पैसे डब्यात राहिले तर महागाई त्यांना खाते आणि घरातल्या पहिल्या अडचणीत ते निघून जातात. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी पहिली बचत पोस्टात केली ती अल्पबचतीच्या महिला एजंटांमुळे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या या बायका घरोघरी जाऊन पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करत. दरमहा पाचशे रुपयांचे साठ हप्ते म्हणजे तीस हजार मुद्दल आणि वर व्याज. बँकेत पैसे ठेवताना एक गोष्ट विसरू नये. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणं धोक्याचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरातली बचत उभी राहते तिच्या श्रमांतून, खातं, ठेव, घर आणि जमीन मात्र बहुतेक वेळा त्याच्या नावावर असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या दशकाच्या तोंडावर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, तेव्हा शेतकऱ्यांना एवढंच सांगितलं होतं की, जिने आयुष्यभर या शेतात राबून घर उभं केलं, तिच्या नावावर थोडी जमीन करा. अनेक गावांत शेकडो शेतकऱ्यांनी ती केली. कायद्याच्या सक्तीशिवाय, उपकाराची भाषा न वापरता, देणं फेडण्याच्या भावनेने.

आज तर हिशेबही याच बाजूने आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घरावर ते पन्नास हजार रुपये होतात. दोडक्याच्या शिरा, शिळ्या पोळ्या आणि कुकरच्या शिट्ट्या यांतून इतकी रक्कम साठवायला किती वर्षं लागतील याचा विचार करावा. एवढी मोठी बचत एका नावाने होते, तरी खरेदीखतावर अजूनही सवयीने तेच जुनं नाव पडतं. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी लाखो बायका बँकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. दीड हजार रुपयांपलीकडे त्यातून एक गोष्ट झाली. अनेकींचं स्वतःचं खातं पहिल्यांदाच वापरात आलं. ते खातं केवळ पैसे येण्याचं आणि काढून नवऱ्याला देण्याचं ठिकाण राहू नये.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतात आणि घरोघरी बायको नवऱ्याला ओवाळते. ताटात ओवाळणी पडते, साडी येते, एखादा दागिना येतो. या पाडव्याला घरानेही आपली वही उघडावी. मागच्या वर्षी वीज, गॅस, किराणा, औषधं आणि हप्ते यांत किती गेले आणि किती वाचले, हे दोघांनी मिळून, मुलांना शेजारी बसवून लिहावं. जे वाचलं त्यासाठी कुणी किती हात झिजवले तेही लिहावं. मग त्या बचतीचं खातं तिच्या नावाने उघडावं, किंवा संयुक्त असेल तर तिचं नाव पहिलं घालावं, आणि ते पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवताना तिचा शब्द अखेरचा धरावा. ज्या घरात एवढं होईल, तिथल्या बाईला तांदळाच्या डब्यात काही लपवावं लागणार नाही, आणि तिची काटकसर त्यागाच्या खात्यातून निघून संपत्तीच्या खात्यात जमा होईल.